पहिल्या हाकेला

१

नेकनूरच्या बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर केदारनाथचं मेडिकल होतं. पुढं दुकान, मागं घर, आणि बाजूच्या बोळात पत्र्याच्या शेडखाली गाडी. दुपारी एकला तो शटर अर्धं खाली ओढायचा, काउंटरमागं सतरंजी टाकायचा आणि चारपर्यंत आडवा व्हायचा. शटर पुरतं न ओढण्याचं कारण असं, की दुपार आहे म्हणून पोरांचे ताप थांबत नाहीत आणि विंचवांनाही सुट्टी नसते. अर्ध्या शटरखालून वाकून कुणी "केदारशेठ" म्हटलं, की तो झोपेतच "ओ" म्हणायचा आणि उठून उभा राहायचा. गिऱ्हाइकाला दुसरी हाक मारायला लावणं त्याला कमीपणाचं वाटे. पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस अशी त्याची गावात ख्याती होती. ती आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे त्याच्या चालण्यातही दिसायचं.

ही सवय आपल्या पोरीलाही लागावी, अशी त्याची इच्छा. रुचिका सहा वर्षांची, एकुलती एक. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, त्यामुळं तिला शिंक आली तरी केदारनाथ स्वतःच्याच दुकानातली अर्धी कपाटं उघडून बसायचा. पण हाकेच्या बाबतीत तो कडक होता. हाक मारली की ओ आली पाहिजे.

यात आडवी यायची चतुराबाई. भांडी घासायला आणि रुचिकाची आई, म्हणजे रोहिणी, शाळेतून परत येईपर्यंत पोरीला सांभाळायला ती यायची. तिनं पोरीला वेगळंच शिकवून ठेवलं होतं.

"दुपारच्या पारी कुनी हाक मारली तर लगीच ओ द्यायची न्हाई, माय. तीनदा हाक आली तरच द्यायची. मानूस तीनदा हाक मारतंय. ते दुसरं असतंय ते एकदाच मारतंय."

केदारनाथ हसला. "मावशी, विंचू चावलेला माणूस तीन हाका मारूस्तोवर गार होईल की."

"दुकानाचं दुकानात ठिवा, शेठ. लेकराचं येगळं हाय."

तो डी. फार्म. झालेला माणूस. असल्या गोष्टींवर वाद घालणंसुद्धा त्याला पटत नसे. तो फक्त रुचिकाला बाजूला घेऊन म्हणाला, "पप्पाची हाक पहिल्यांदाच ऐकायची. कळलं?" रुचिकानं मान हलवली. ती दोघांचंही ऐकायची, आणि त्यामुळं अडचणीत यायची.

२

ते साल दोन हजार एक. गावात एसटीडीचे चार बूथ झाले होते, केबल आली होती, आणि केदारनाथनं बीडहून एक पांढरी सेकंडहँड गाडी आणली होती. आठवड्यातून तीनदा तो बीडला माल आणायला जायचा. गाडी ठीक होती. त्रास किल्लीचा होता. किल्ली त्याच्याजवळ टिकायचीच नाही. एकदा ती होलसेलवाल्याच्या काउंटरवर राहिली, एकदा नालीत पडली, आणि एकदा गाडीच्या आतच राहून दारं लागली. शिवाय दोन्ही हातांत औषधांचे खोके असताना खिशात बोटं घालायची म्हणजे सर्कशीतलं काम.

बार्शी नाक्यावर शहादेव नावाचा ऑटो इलेक्ट्रिशियन होता. वायरिंगच्या कामात त्याचा हात धरणारा बीडमध्ये कुणी नव्हता. तो बोलायचा कमी आणि काम करताना विडी कानावर ठेवायचा. त्यानं मुंबईहून मागवलेली एक डबी केदारनाथला दाखवली, आणि रुपयाएवढे दोन काळे बिल्ले.

"किल्लीच नको," शहादेव म्हणाला. "बिल्ला खिशात ठिवायचा. जवळ आलात की दार आपोआप उघडतंय. आत बसून हे बटन दाबायचं, गाडी चालू. लांब गेलात की आपोआप लॉक."

"आन गाडीला कसं कळतं मी आलोय म्हणून?"

शहादेवनं कानावरची विडी काढली, पण पेटवली नाही. "ही डबी सारखी हाक मारती. आपल्याला ऐकू येत न्हाई. बिल्ला तिला ओ देतो. ओ आली की दार उघडलं."

हे केदारनाथला फारच आवडलं. आपल्याच स्वभावाची वस्तू कुणीतरी बनवली आहे असं त्याला वाटलं.

शहादेवनं डबीचं झाकण काढून आतली दाण्याएवढी पांढरी क्लिप दाखवली. "ह्यात दोन सेटिंग हायेत, शेठ. क्लिप हिकडं असली तर डबी तीनदा हाक मारती, तीनदा ओ घेती, मगच उघडती. चार-पाच सेकंद दाराशी हुबं ऱ्हावं लागतं. क्लिप तिकडं सरकवली तर एकाच ओला उघडती. झटक्यात."

"तीनदा कावून?"

"खात्री पटावी म्हनून. रस्त्यावर शंभर गोष्टी बोलत असत्यात. वायरलेस, टीव्हीचा रिमोट, काय न् काय. चुकून कुनाची तरी ओ लागू नये."

"एकाच ओला ठेवा," केदारनाथ म्हणाला. "खोके धरून दाराशी तपश्चर्या कोण करतंय?"

शहादेवनं क्लिप सरकवली, झाकण लावलं आणि डबी गाडीत स्टिअरिंगखाली बसवली.

३

पुढचे आठ-दहा दिवस केदारनाथ विनाकारण गाडीजवळून जायचा. पाच पावलांवर आला की गाडी "टुक-टुक" करायची आणि चारही दारांच्या लॉकच्या खुंट्या वर यायच्या. लांब गेला की एकदाच "टुक", आणि खुंट्या खाली. गावातली माणसं बघायला यायची. सगळ्यांत खूश रुचिका होती. बाप बोळाच्या तोंडाशी आला की ती ओरडायची, "गाडे!" आणि गाडी "टुक-टुक" म्हणायची.

"मम्मी, गाडी ओ देते!"

रोहिणी वह्या तपासता तपासता हसायची. चतुराबाईनं मात्र हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"पैल्याच हाकेला देती व्हय?"

"पहिल्याच," केदारनाथ अभिमानानं म्हणाला.

"कुनालाबी?"

"कुणालाबी कशी? ज्याच्याकडं बिल्ला आहे त्यालाच."

चतुराबाईनं पातेलं उचललं आणि पुढं घासायला लागली. ते घासणंच केदारनाथला जरा टोचलं.

एक बिल्ला तो खिशात ठेवायचा, दुपारी झोपताना काउंटरमागच्या खिळ्याला अडकवायचा. दुसरा रोहिणीच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्यात. तिथून गाडीपर्यंत मध्ये दोन भिंती होत्या.

४

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचं भारनियमन सुरू झालं. एकला लाइट जायची. पंखा हळूहळू थांबायचा, दुकानातल्या फ्रिजची घरघर बंद व्हायची, आणि बसस्टँडकडूनही काही ऐकू यायचं नाही. उन्हानं गाव सपाट झोपवलेलं असायचं.

अशाच एका दुपारी केदारनाथ डोळे मिटून पडला होता. बोळातून आवाज आला. टुक-टुक.

त्यानं डोळे उघडले. बिल्ला खिळ्यालाच होता. अर्ध्या मिनिटानं पुन्हा आवाज आला. टुक. गाडी बंद झाली.

तो शटरखालून वाकून बाहेर गेला. बोळात कुणी नव्हतं. नालीशेजारी एक कुत्रं पडलं होतं, त्यानंही मान वर केली नाही. वायरलेसवाली पोलिसांची जीप गेली असेल, असं त्यानं ठरवलं आणि परत येऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि त्या दिवशी जीपही गेली नव्हती, कारण तो जागा राहून कान देऊन होता. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आवाजाच्या आधी आणखी काहीतरी होतं. कुणीतरी हाक मारल्यावर घरातली माणसं जशी अर्धा क्षण गप्प होतात, तसं काहीतरी. हाक त्यानं ऐकली नव्हती. पण मागच्या खोलीत रोहिणीनं झोपेत कूस बदलली, बाहेर कुत्र्यानं कान हलवले, आणि मग टुक-टुक.

तो उठून गेला. गाडीचं मागचं डावं दार नीट लागलेलं नव्हतं. त्यानं ते उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. मागच्या सीटवर त्यानं सहज हात टेकवला आणि उचलला. मग पुन्हा टेकवला. उजवीकडची जागा गार होती. माठाखालची जमीन असते तशी गार, आणि एका माणसापुरतीच.

सीटवर चार चिंचोके पडले होते. रुचिका खेळायची तसे, एका बाजूनं घासलेले.

त्याला राग आला, आणि राग आल्याचं बरंही वाटलं. पोरगी दुपारी गुपचूप गाडीत येऊन बसते, एवढाच प्रकार म्हणायचा. असल्या उन्हात बंद गाडीत पोर राहिलं तर काय होतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आपण उगाच बिल्ल्याचा विचार करत बसलो, आणि खरी भीती ही होती. गाडीचं दार धरून उभा राहून तो घराकडं तोंड करून ओरडला,

"रुचिका!"

आवाज बोळात घुमला. मागच्या दारात ती दिसली, डोळे चोळत, झोपेतून उठलेली.

"ओ," ती म्हणाली.

"गाडीत कशाला बसली होतीस?"

"मी नाही बसले. मी काचेच्या फटीतून टाकले. खेळायला." मग ती जरा थांबली आणि बापाकडं न बघता, गाडीकडं बघत हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझं नाव का घेतलं?"

"म्हणजे?"

"ते रोज गाडीलाच हाक मारायचं. माझं नाव त्याला माहीत नव्हतं."

५

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दोन्ही बिल्ले घेऊन शहादेवकडं गेला. पोरीचं बोलणं त्यानं सांगितलं नाही. लहान पोरं काहीही बोलतात, आणि तिच्या डोक्यात हे भरवणारी घरातच होती. त्यानं फक्त सांगितलं, की गाडी आपोआप उघडझाप करते.

शहादेवनं डबी काढली, एक बटन दाबून धरलं. डबीवरचा लाल दिवा मिणमिणला. एक, दोन, तीन.

शहादेवनं पुन्हा दाबलं. एक, दोन, तीन.

"शेठ, बिल्ले किती दिलते मी?"

"दोन."

"जेवढे बिल्ले वळखीचे, तेवढ्यांदा दिवा लागतो." त्यानं सगळं पुसून टाकलं. दिवा एकदाही लागला नाही. मग त्यानं दोन्ही बिल्ले एकेक करून डबीजवळ धरले आणि त्यांची ओळख नव्यानं करून दिली. बटन दाबलं. एक, दोन. दोघंही दिव्याकडं बघत राहिले. मग जरासं थांबून, तीन.

शहादेवनं कानावरची विडी काढून पेटवली. काम चालू असताना तो विडी ओढत नसे.

"डबी खराब आहे का?" केदारनाथनं विचारलं.

"खराब असती तर ओ दिली नसती. ही तर बराबर देती." त्यानं विडीचा धूर सोडला. "मी क्लिप परत हिकडं करून देतो. तीन हाकांवर. दाराशी थांबावं लागंल, पर..."

"पण काय?"

"काय न्हाई. खात्री ऱ्हाईल."

शहादेवनं क्लिप सरकवली. त्या दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, आणि बोळात काही वाजलं नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. केदारनाथला दोन दिवस छान झोप लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी रुचिका चतुराबाईच्या मांडीवर बसून हसत होती. हे कित्येक दिवसांनी घडतंय, हे ती हसल्यावरच त्याच्या ध्यानात आलं.

"गेलं का गं ते?" त्यानं चेष्टेनं विचारलं.

"हाय," रुचिका म्हणाली. चतुराबाईच्या नादानं ती अशी बोलायची. "पण ते एकदाच हाक मारतं ना. गाडी ओ देत नाही मग. उभं राहतं."

६

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी केदारनाथनं बीडहून इन्सुलिनच्या बाटल्या आणल्या. बर्फाचा डबा छातीशी धरलेला, वर सलाईनचा खोका, भर बाराचं ऊन. वाटेत मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहाला थांबून तो गाडीशी परत आला. तापलेल्या गाडीत औषधं नकोत, म्हणून डबा आणि खोका दोन्ही सोबत नेले होते. दाराशी उभा राहिला. गाडी उघडेना. एक, दोन, तीन, चार. घाम डोळ्यांत उतरला. तो एक पाऊल मागं सरला, पुन्हा पुढं आला, त्यामुळं मोजणी पहिल्यापासून सुरू झाली असणार. वरचा खोका घसरला, तो सावरताना डबा निसटला आणि डांबरावर आपटला. अकरा बाटल्या फुटल्या. टपरीवरची चार माणसं बघत होती. त्यातलं एक म्हणालं, "शेठ, किल्ली बरी व्हती की आपली." बाकीचे हसले.

तेवढ्यात गाडी म्हणाली, टुक-टुक.

माणूस मोठ्या गोष्टीला धीरानं तोंड देतो आणि असल्या चार हसण्यांपुढं त्याचं डोकं फिरतं. केदारनाथनं तिथंच डबीचं झाकण उघडलं आणि नखानं क्लिप सरकवली. गाडी नेकनूरला येईस्तोवर त्याचा राग गेला होता. क्लिप परत जागेवर करावी असं शेडमध्ये गाडी लावताना त्याच्या मनात आलंही. पण हातात खोका होता, उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये टाकायची घाई होती, आणि एक वाजत आला होता. झोप झाल्यावर करू, असं त्यानं ठरवलं.

चतुराबाई घरी गेली होती. रोहिणी मागच्या खोलीत आडवी झाली होती, तिच्या कुशीत रुचिका. त्यानं शटर अर्धं ओढलं, बिल्ला खिळ्याला अडकवला, सतरंजीवर पाठ टेकली.

लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला.

या वेळी त्यानं हाक ऐकली. ती लांबून आली नाही आणि जवळूनही नाही. ती एकदाच आली. शब्द कोणता होता हे तो नंतर कुणाला सांगू शकला नाही, पण तीन अक्षरं होती, आणि ती मागच्या आठवड्यात त्यानं जशी बोळात मारली होती तशीच, त्याच चढ्या सुरात मारलेली होती.

टुक-टुक.

आणि मागच्या दाराकडून, लगेच, अगदी शहाण्यासारखं,

"ओ!"

पोरीनं पहिल्या हाकेला ओ दिली, याचं केदारनाथला क्षणभर समाधान वाटलं. नंतरच्या आयुष्यात त्यानं स्वतःला सगळ्याची माफी दिली, या एका क्षणाची दिली नाही.

७

बोळात पोचेपर्यंत गाडी "टुक" म्हणून बंद झाली होती. बिल्ला दुकानात खिळ्याला होता. परत जायला वीस पावलं होती, आणि त्याला पाठ फिरवायची हिंमत होईना.

काचांवर ऊन होतं. दोन्ही हातांचा आडोसा करून त्यानं मागच्या काचेतून आत पाहिलं. रुचिका डावीकडं बसली होती. घाबरलेली नव्हती. तिनं उजवीकडं मान वळवली होती आणि ती काहीतरी सांगत होती. शाळेतलं सांगताना आईच्या अंगावर रेलायची तशी ती रेलली होती, आणि पडत नव्हती. पलीकडची काच आतून धुक्यानं पांढरी झाली होती. मे महिन्यात, भर दुपारी.

"रुचिका!" त्यानं काच बडवली. तिनं पाहिलं नाही.

सायलेन्सर थरथरला. इंजिन चालू झालं. बटन स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला होतं, आणि पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या होत्या. पुढच्या चाकाला लावलेला दगड किरकिरत जरासा सरकला.

"रुचिका!"

ती बोलत राहिली.

"रुचे! माय, इकडं बघ!"

तिसऱ्या हाकेला तिनं मान वळवली. तिची मान वळली तेव्हा तिच्यापलीकडं, त्या पांढऱ्या काचेसमोर, आणखी एक मान वळली. केदारनाथनं फक्त वळणं पाहिलं. ते कुणाचं तोंड होतं, होतं की नव्हतं, हे बघायला तो थांबला नाही. चाकाखालचा दगड उचलून त्यानं पुढच्या दाराच्या काचेवर घातला, आत हात घालून खुंटी ओढली, मागचं दार उघडलं आणि पोरीला बाहेर खेचलं. काचेनं त्याचा हात कोपरापर्यंत फाटला. इंजिन आपोआप बंद पडलं.

रोहिणी धावत आली तेव्हा तो मातीत बसला होता, पोरगी मांडीवर. त्याचं रक्त तिच्या फ्रॉकवर सांडत होतं आणि तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता,

"गार आहे गं. ही गार आहे."

८

बीडच्या डॉक्टरांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं. उन्हाचा तडाखा आणि भीती, असं त्यांचं मत पडलं. तिसऱ्या दिवशी ती जेवली, खेळली, अंक काढले. आईचं नाव विचारलं तर लिहून दाखवलं. फक्त आवाज काढला नाही. कान तपासले, चांगले निघाले. येईल हळूहळू बोलायला, डॉक्टर म्हणाले, आणि केदारनाथनं ते मानलं. मानण्यासारखं तेच होतं.

शहादेव स्वतः नेकनूरला आला. त्यानं डबी काढून नेली, बॅटरी उतरवली, सगळ्या वायरी कापून टोकं चिकटपट्टीनं बंद केली. पैसे घेतले नाहीत. जाताना त्यानं डबीची क्लिप कुठं आहे ते पाहिलं, आणि केदारनाथकडं बघायचं टाळलं. केदारनाथला वाटलं, त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चतुराबाई रुचिकाला जवळ घेईना. ताट वाढायची, वेणी घालायची, पण मांडीवर घेईना. एकदा रोहिणीनं रडत विचारलं तेव्हा म्हणाली, "वैनी, मी तिला रोज तीनदा हाक मारून बघते. आपलं लेकरू तिसरीला ओ देतंच."

गाडी विकायचं रोहिणीनं ठरवलं. चौसाळ्याहून भगवानराव नावाचे एक गृहस्थ जूनच्या सुरुवातीला बघायला आले. दुपारची वेळ होती, लाइट गेलेली. भगवानरावांनी टायर पाहिले, बॉनेट उघडून पाहिलं. बॅटरी नव्हती, तिची रिकामी जागा पाहिली. केदारनाथ मागच्या दाराशी उभा होता. उंबऱ्यावर रुचिका बसली होती, त्याच्यापासून दोन हातांवर, पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघा मारत.

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. तो हळूच म्हणाला, "रुचिका."

तिनं रेघ पुरी केली.

"रुचिका."

तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. डोळे तिचेच होते. ओठ मिटलेले.

"रुचिका."

"ओ..."

आवाज शेडमधून आला. बारीक, झोपेतून उठल्यासारखा. मिटलेल्या ओठांची पोरगी उंबऱ्यावरून त्याच्याकडं बघत राहिली.

भगवानराव बॉनेट धरून उभे होते. त्यांनी वाकून गाडीत पाहिलं, मग केदारनाथकडं.

"शेठ, आत कोन हाय?"

केदारनाथ गाडीपर्यंत चालत गेला आणि त्यांच्या हातातून बॉनेट अलगद काढून घेऊन बंद केलं. "गाडी द्यायची नाही," तो म्हणाला.

९

गाडी अजून शेडमध्ये आहे. टायर बसलेत, पत्र्यावरून गळून गळून टपावर गंजाचे डाग पडलेत. गाव म्हणतं, केदारशेठचं डोकं जरा हललं. दुकान मात्र तो व्यवस्थित चालवतो. अर्ध्या शटरखालून कुणी हाक मारली तर आता तो लगेच ओ देत नाही. विंचू चावलेल्यालासुद्धा तीनदा हाक मारावी लागते. लोकांनी सवय करून घेतली आहे.

रुचिका तिसरीत गेली आहे. मुकी म्हणून तिला शाळेत त्रास होत नाही. अक्षर सुंदर आहे. रोहिणी तिला जवळ घेऊन झोपते, आणि तिला उन्हाळ्यातसुद्धा रजई लागते.

दुपारी एकला केदारनाथ बोळात येतो. गाडीची चारही दारं उघडतो. कुलूप नाही, खुंटी नाही, बिल्ला नाही. आतून कुणाला बाहेर यायचं असेल तर काहीही आडवं येऊ नये, एवढी काळजी घेतो. दारं उघडी ठेवली तर कुणीही आत जाऊ शकतं हेही त्याला कळतं, पण आता जायला राहिलंय कोण, असं तो म्हणतो. मग तो दगडावर बसतो आणि पोरीच्या नावानं हाक मारतो. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मारण्याआधी तो बराच वेळ थांबतो, कारण न जाणो, या खेपेला आली नाही तर.

ओ येते. रोज येते. एकदाही चुकलेली नाही.

फक्त अलीकडे ती जरा लांबून येते.